पास्कू मिस्त्रीचा तांब्या

पास्कू मिस्त्रीविषयी मी आजवर एकदाच छापले, आणि त्या एका पत्रकाने त्याच्या दोन वर्षांच्या कामावर धोंडे बसले. अलंकार म्हणून लिहीत नाही. खरोखरीचे धोंडे, काळ्या दगडाचे, गुडघाभर उंचीचे, आणि तेही त्याच्याच हातून बसवून घेतलेले. आज दुसऱ्यांदा लिहितो आहे, कारण आता त्यात त्याचे किंवा आणखी कुणाचे बिघडण्यासारखे काही उरलेले नाही.

आमच्या पेठेचा रस्ता टेंभीच्या अंगाने निघून उतरत उतरत तळ्यापाशी जातो. सुधारणेच्या आधी त्याला रस्ता म्हणणे धाडसाचेच होते. प्रत्येक दुकानाला ओटा, ओट्यापुढे पायरी, पायरीपुढे फळी, फळीवर सुपे. आज्याने ओटा बांधावा, बापाने तो हातभर पुढे आणावा, नातवाने त्यावर छपरी काढावी, असा तीन पिढ्यांचा परमार्थ. मधून एक बैलगाडी जेमतेम जाई. समोरून दुसरी आली की दोघे गाडीवान एकमेकांच्या कुळाचा उद्धार करीत आणि दुकानदार ओट्यावर बसून निकाल देत. मागच्या घरांचे सांडपाणी बोळातून रस्त्यावर येई आणि तिथेच मुक्काम करी.

मी तेव्हा विशीत होतो. शाळा संपली होती, नोकरी लागत नव्हती, आणि शिळाप्रेसवर चार पानी पत्रके काढून वाटणे हा माझा उद्योग होता. ‘पेठ की नरक?’ हे माझे. ‘ओटे आहेत की अजगर!’ हेही माझेच. वडील कचेरीत कारकून. ते म्हणत, “तुझ्या उद्गारचिन्हांचे खांब केले तरी साऱ्या गावाला कंदील लागतील.”

शेवटी गावातल्या वजनदार मंडळींनी एक रस्ता-सुधारणा कमिटी काढली. पेन्शनीत निघालेले मामलेदार तात्यासाहेब तिचे अध्यक्ष झाले. ओटे मागे घेऊन एका ओळीत आणायचे, दोन्ही कडेला दगडी गटार, गटारावर फरशी, मधे खडी, खांबावर कंदील आणि खांबाखांबांमधे करंजाची रोपे, असा बेत ठरला. हे माझ्याच पत्रकांनी घडवले अशी माझी खात्री होती. कमिटीने एक ओव्हरसियर नेमला आणि त्याच्या हाताखाली गवंडीकामाला पास्कू मिस्त्री.

खाडीकडच्या ख्रिस्ती पाड्यातला हा माणूस. पन्नाशी उलटलेली, अंगात कुणा साहेबाने टाकलेला काळा कोट, त्याला वरचे एकच बटण. त्यामुळे चालताना कोट पंखासारखा उघडे. कानावर विडी, पण ती पेटवलेली मी पाहिली नाही. हातात पितळी तांब्या. रविवारी प्रार्थनेला जाताना तो जोडे घाली, पण ते पायात नव्हे. काखेत मारून सारा रस्ता अनवाणी चालायचा, देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, दारात पाय पुसून घालायचा, आणि बाहेर पडताच पुन्हा काखेत. मी एकदा हसलो तर म्हणाला, “रस्ता कसा हाय ते जोड्याला कलत नाय बाबा. पायाला इचार.”

पेठ त्याला अरेतुरे करी, मीही करी. आता लिहिताना हात अडखळतो. पण ‘अहो’ म्हटलेले त्यालाच खपत नसे. “अहो म्हनलं का नुसतं बोलनं होतं, काम ऱ्हातं,” म्हणे. तात्यासाहेबांना मात्र तो साहेब म्हणे, आणि ते बोलत असताना त्यांच्या पायांकडे पाही. मला तो लाचारपणा वाटे. पुढे कळले, तो त्यांच्या पायाखालचा उतार पाहत असे.

उतार हे त्याचे वेड होते. ओव्हरसियरकडे तिपाईवर ठेवायचे पितळी दुर्बिणीचे यंत्र होते. त्यातून एक डोळा मिटून तो आकडे सांगे. मिस्त्री ते ऐकून घेई, मान हलवी, आणि साहेब चहाला गेला की तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतून उकिडवा बसे. पाणी कुठे वळते, कुठे थांबते, कुठे मुरते ते पाही. काहीही विचारा, उत्तर एकच: “बघू, पानी काय बोल्तंय.” ‘होईल’ हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

पहिला तमाशा या तांब्यावरूनच झाला. गुळाचे व्यापारी दामूशेट सकाळी दुकान उघडून, पायरी धुऊन, तिला हळदकुंकू वाहून नमस्कार करीत होते. डोके वर करतात तो समोर हा काळा कोट, आणि तांब्यातले पाणी ओघळत पायरीकडे निघालेले. दामूशेट ओरडले, “अरे पास्क्या! सकाळच्या पारी माझ्या लक्ष्मीच्या पायरीवर तुझं पाणी? करणी करतोस की काय? सोवळंओवळं काही आहे की नाही?”

पेठ गोळा झाली. मी खिशातून कागद काढला. असल्या प्रसंगाची मी वाटच पाहत असे. मिस्त्रीने विडी एका कानावरून दुसऱ्या कानावर नेली.

“शेट, पानी तुमचं आना,” तो म्हणाला. “तांब्या तुमचा, हात तुमचा. तुमीच वता. उतार तेवरा माजा.”

दामूशेट घुटमळले, पण सारी पेठ पाहत होती. आतून तांब्या आणून त्यांनी आपल्या हाताने पाणी ओतले. पाणी सरळ उलटे फिरून त्यांच्याच ओट्याच्या बुडाशी गेले आणि भिंतीत शिरले.

“तुमच्या गुलाला ओल लागती ती पावसाची नाय,” मिस्त्री म्हणाला. “वरसभर तुमीच पाजताय.”

त्या दिवसापासून पेठेला छंदच लागला. जो तो सकाळी आपापला तांब्या घेऊन बाहेर येई, आपल्या दारात पाणी ओती आणि मिस्त्रीला हाक मारी. ‘माझं बघ रे पास्कू, माझं कुठं जातंय?’ महिनाभर भटजींच्या पंचांगापेक्षा पास्कूचा तांब्या अधिक चालला. ओटे पाडायला माझ्या दोन पत्रकांनी जे केले नव्हते ते त्या पाण्याने केले.

पायरीचा प्रश्न मात्र अवघड होता. ओटा गेला तर चालेल, पण रोज डोके टेकायची पायरी कोण फोडू देणार? मी लिहिणार होतो, ‘दगडाला देव मानणारे दगड!’ मिस्त्रीने मला मजकूर वाचून दाखवायला सांगितले. त्याला स्वतःला वाचता येई, पण सावकाश, बोट ठेवून. ऐकून म्हणाला, “आवाज मोठा हाय.” एवढेच. मग तो दुकानोदुकानी गेला. प्रत्येक पायरीवर त्याने खडूने खूण केली आणि सांगितले, “तुमची पायरी फोडनार नाय. तीच तुमच्या दारात गटारावर निजवनार. देव तुमचाच, जागा तुमचीच. नुसती खाली बसंल.” आणि तसेच केले. एकाची पायरी दुसऱ्याच्या दारात गेली नाही. दामूशेट आपल्या निजलेल्या पायरीला हळदकुंकू वाहताना मी डोळ्यांनी पाहिले. धर्म त्याचा वेगळा, पण कुणाचा देव कुठल्या दगडात आहे हे त्याला पाठ होते.

आता बायजाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिची आहे.

ओट्यांच्या वळचणीला, सावलीला धरून, सात बाजारकरणी बसत. मिठागरांकडच्या गावांतून पहाटे चालत येणाऱ्या आगरणी. टोपलीत तोंडली, पडवळ, माठाची भाजी. बायजा त्यांतली जुनी आणि तोंडाळ. तिची बसायची जागा दामूशेटच्या ओट्याखाली, कारण तिच्या आईचीही तीच होती. दामूशेटचे पहिले गिऱ्हाईक रोज तीच. सुपारीएवढा गूळ ती घेई, मग ते तिच्याकडून मूठभर कोथिंबीर घेत, आणि दोघांची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, होई. बायजा आजारी पडली की दामूशेट दुकान उशिरा उघडत. पण हे प्रेम ओट्याखालच्या जागेपुरते होते. ओटा गेला की तिने कुठे बसायचे हे त्यांना कुणी विचारले नाही आणि त्यांनी कुणाला सांगितले नाही.

कमिटीच्या नकाशात गटार होते, खांब होते, करंजाची रोपेसुद्धा हिरव्या शाईने काढलेली होती. बाजारकरणी नव्हत्या. आणि खरे ते लिहितो, माझ्या पत्रकांतही नव्हत्या. मी रस्ता मोकळा करा म्हणत होतो. मोकळा म्हणजे कुणावाचून, हे मनातही आले नाही.

एका दुपारी मी पाहिले, मिस्त्री बायजासमोर उकिडवा बसून जमिनीवर तिच्याभोवती खडूने रेघ ओढतो आहे.

“अरं मेल्या,” बायजा कडाडली, “माज्याभवती रेघ कनाला ओढतंस? मी काय जेवनाचं पान हाय, रांगोली काढाला?”

“हलू नको. टोपली जवल घे. आता पाय पसर.”

“लोकं बघतान रं!”

“बघू दे. पाय पसर म्हनलं ना. दिसभर काय पाय पोटाशी घेऊन बसतीस?”

तिने शिव्या देत पाय पसरले. त्याने कोटाच्या खिशातून सुतळी काढली, टोपलीच्या कडेपासून तिच्या टाचेपर्यंत धरली, एक गाठ मारली. मग आडवी धरली, दुसरी गाठ मारली. सुतळी खिशात गेली. मला वाटले, म्हातारा चळला.

थोड्या दिवसांनी गटाराच्या फरशीवरून ओव्हरसियरशी त्याची जुंपली. नकाशात फरशी हातभर रुंद होती. मिस्त्री म्हणे, दीड हात हवी. कारण? “साहेब, बैलाचा पाय जाईल. बैल मोडला तर गाडीवान कमिटीच्या दारात आनून बांधंल.” कारण सांगताना चेहरा असा गरीब, की ओव्हरसियरने वैतागून हो म्हटले. फरशी दीड हात झाली. लांबीला पायऱ्या ठिकठिकाणी वेगवेगळ्या होत्या; त्या त्याने न फोडता, नुसत्या कडा तासून साऱ्या सारख्या केल्या. कशाने मोजून, ते मी पाहिले. सुतळीने.

काम पुरे झाले. रस्ता खरोखर सुरेख झाला. दोन गाड्या शेजारून जाऊ लागल्या, कंदिलांच्या काचा चमकू लागल्या, करंजाची रोपे पिंजऱ्यात उभी राहिली. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सातही बायका येऊन, जणू तिथेच जन्मल्या होत्या अशा, फरशांवर बसल्या. प्रत्येकीची टोपली फरशीवर नेमकी मावत होती. रस्त्याचा एक अंगुळही अडत नव्हता. खालून गटार वाहत होते, वर भाजी ताजी राहत होती. बायजा मला म्हणाली, “तुज्या मिस्त्रीची फरशी केवरी गार हाय रं! माज्या घरात पन अशी नाय.”

मग मला सुतळीचा अर्थ लागला. धावत मिस्त्रीला गाठले. “म्हणजे तू हे गटार बांधलंच नाहीस! तू त्यांना जागा बांधून दिलीस!”

त्याने इकडेतिकडे पाहिले. “गप बस,” म्हणाला.

मला वाटले, विनय आहे.

तिसऱ्या दिवशी माझे पत्रक पेठेत फिरत होते. मथळा: ‘गरिबांचा गवंडी!!’ दोन गाठींची सुतळी, बैलाच्या पायाचे सोंग, फसलेला ओव्हरसियर, सारे त्यात होते. वर मी शेवटी विचारले होते, ‘जे कमिटीच्या नकाशाला सुचले नाही ते एका गवंड्याच्या सुतळीला सुचले, आता कमिटी काय बोलणार?’ हे वाक्य लिहून झाले तेव्हा मी स्वतःलाच शाबासकी दिली होती.

कमिटी बोलली. सभेला मी प्रेक्षक म्हणून हजर होतो. तात्यासाहेब दुष्ट नव्हते. असते तर मला झोप लागली असती. त्यांनी माझे पत्रक शांतपणे समोर ठेवले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आम्ही पैसे उभारले ते गटार झाकायला, बाजार भरवायला नव्हे. आज सात आहेत. हे छापून आल्यावर उद्या सत्तर येतील, आणि त्यांना नाही कोणत्या तोंडाने म्हणायचे? यात लपवाछपवी झाली आहे हे या कागदावरूनच सिद्ध होते.” मग मिस्त्रीकडे वळले. “फरशीगणिक एक उभा धोंडा बसव. कुणी बसता कामा नये.”

दामूशेट सभेत होते. रोजच्या भवानीसाठी तरी बोलतील असे मला वाटले. त्यांनी घसा खाकरला, आणि खाकरलेला घसा गिळून टाकला.

मी उठून बोलणार होतो. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले आणि मी बसलो. त्याने तात्यासाहेबांच्या पायांकडे पाहत एवढेच विचारले, “फरशीगनिक एक ना, साहेब?”

“एक.”

“बरं.”

त्या ‘बरं’चा मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी तो फरशीला खळगा पाडत होता तिथे जाऊन मी त्याला भर पेठेत टाकून बोललो. “नाही म्हणायचं होतंस! हत्यारं खाली ठेवायची होतीस! स्वतः बांधलेलं स्वतः मोडायला हात कसा धजतो तुझा?”

तो छिन्नी मारत राहिला. मग म्हणाला, “मी नाय म्हनालो, तर दुसरा मिस्त्री येल. धोंडा तर बसनारच.”

“बसू दे! पण तुझ्या हातून नको.”

“दुसरा कुठं बसवंल, ते तुला ठावं हाय?”

मला त्या प्रश्नात काही दिसले नाही. “मी चूक लिहिलं का, ते तरी सांग,” मी म्हणालो. मला वाटत होते त्याने शिव्या द्याव्यात. शिव्या खाऊन मोकळे होता येते.

“नाय रे,” तो म्हणाला. “खरंच लिवलंस. खरं लिवलंस म्हनून तर त्यांना कललं.” छिन्नीवरची धूळ फुंकली. “मोठा आवाज असला ना बाबा, का सगल्यांनाच आयकू जातो. ज्याला पायजे त्याला बी, नको त्याला बी.”

बायजा पलीकडे रस्त्याच्या कडेला टोपली डोक्यावर घेऊनच उभी होती. खाली ठेवायला जागा नव्हती. ती मला काही बोलली नाही. तोंडाळ बाई गप्प राहिली की कसे वाटते, ते ज्याला कळले त्याला कळले.

आठ दिवस मी पेठेत गेलो नाही. नवव्या दिवशी गेलो तर तळ्याच्या बाजूच्या फरशांवर चार बायका बसलेल्या. धोंड्यांच्या मधे, निवांत, धोंड्याला पाठ टेकून. बायजाने तर धोंड्याला चिंध्यांची चुंबळ बांधून लोड केला होता. मी खाली वाकून पाहिले. फरशीगणिक एक धोंडा होता, हुकूम तंतोतंत पाळला होता. पण धोंडा फरशीच्या मधे बसवायचा की कडेला, हे हुकमात नव्हते. त्याने तो कडेला बसवला होता. या फरशीच्या धोंड्यापासून त्या फरशीच्या धोंड्यापर्यंत बरोबर एक टोपली आणि एक बाई.

टेंभीच्या बाजूला मात्र काम चालू असताना ओव्हरसियर स्वतः उभा राहिला होता. तिथे धोंडे मधोमध होते. तिथल्या तिघी गेल्या. एक घरोघर फिरून विकू लागली, दोघींचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही. मी शोधले असते तर कळले असते. नाही शोधले.

त्या दिवशी घरी येऊन मी बोरू हातात घेतला. मथळासुद्धा सुचला. मग बोरू पुसून ठेवून दिला. ते न निघालेले पत्रक एवढेच माझे खऱ्या उपयोगाचे पत्रक. तात्यासाहेब रोज संध्याकाळी त्या बायकांसमोरून फिरायला जात आणि करंजाची रोपे पाहत. त्यांच्या नजरेला त्या पडल्या नाहीत, की पडूनही त्यांनी काही म्हटले नाही, हे मी कधी विचारले नाही.

त्यानंतर मिस्त्री पेठेतून गेला. कमिटीने त्याला पुन्हा बोलावले नाही. शहाडकडे नदीच्या अंगाला कुठे बांधकामावर होता म्हणत. मी नोकरीला लागलो, पत्रकेही काढत राहिलो, पण आता ती छापण्याआधी कुणाला तरी वाचून दाखवायची सवय लागली. ऐकणारे म्हणत, फार छान. ‘आवाज मोठा हाय’ म्हणणारा कुणी मिळाला नाही.

चार-पाच वर्षे त्या बायका बसल्या. मग ते घडले जे आमच्या गावात हटकून घडते. रस्त्यावर खड्डे पडले. जुनी खडी उकरून पुन्हा बसवायला वेळ लागतो; म्हणून तिच्यावरच मुरूम टाकला, धुमस मारून दाबला, वर्षाने पुन्हा मुरूम, पुन्हा धुमस. प्रत्येक वेळी पेठ म्हणाली, वा, रस्ता नवा झाला. रस्ता वाढत वाढत गटाराच्या फरशीपेक्षा उंच झाला. पाणी गटाराच्या तोंडाकडे वळायचे सोडून फरशांवर येऊन थांबू लागले. कुणी हुकूम काढला नाही, धोंडा बसवला नाही, सभासुद्धा झाली नाही. बायका रोज ओल्या होत गेल्या आणि एकेक करून उठल्या. यावर मी दोन पत्रके काढली. या खेपेस कुणी रागावलेसुद्धा नाही.

शेवटी एकटी बायजा उरली. फळकुटावर टोपली ठेवून ती बसे.

पास्कू मिस्त्रीला मी शेवटचे पाहिले ते तेव्हा, एका रविवारी सकाळी. तोच काळा कोट, आता बटण एकही नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, बुबुळे दुधासारखी. देवळातून परतताना तो आडवाटेने पेठेत आला होता. काखेत जोडे, हातात तांब्या. माझा आवाज ओळखून म्हणाला, “पत्रकवाला ना रे? चल, मना तल्याच्या अंगाला ने.”

मी त्याला दामूशेटच्या दुकानापाशी आणले. “बायजा हाय?” त्याने विचारले.

“हाय ना. मी कुठं जाते?” बायजा म्हणाली. “म्हातारा झालास रं तू.”

“आनि तू काय नवरी हायस?”

ती हसली. तो धोंडा चाचपून फरशीच्या कडेला उकिडवा बसला. मग त्याने रस्त्यावर तांब्या कलंडवला, सावकाश, जसा नेहमी कलंडवी. पण आता त्याला काही दिसत नव्हते. मान माझ्याकडे वळवून म्हणाला, “सांग. पानी कुठं गेलं?”

पाणी उंच मुरमावरून सरळ खाली आले, फरशीवर पसरले आणि बायजाच्या फळकुटाखाली येऊन थांबले. बायजाने आवाज न करता टोपली उचलून मांडीवर घेतली. ती माझ्याकडे पाहत होती.

ज्याने आयुष्यभर खरे तेवढेच मोठ्याने सांगितले, तो मी म्हणालो, “गटारात गेलं, मिस्त्री.”

“गेलं रं बाबा,” बायजा पाठोपाठ म्हणाली. “सगलं गटारात गेलं.”

त्याने आपला अनवाणी पाय पुढे सरकवला. अंगठा पाण्यात गेला. त्याने तो तिथेच ठेवला, इकडून तिकडे हळूच फिरवला, किती खोल आहे, कुठवर आहे ते पाहिले.

“बरं,” म्हणाला.

कोटाच्या टोकाने त्याने पाय पुसले, आधी उजवा, मग डावा. काखेतले जोडे काढले, भर पेठेत पायांत चढवले, धोंड्याचा आधार घेऊन उठला, आणि ते जोडे वाजवीत टेंभीच्या बाजूने चालत गेला.